कोपा लिबेर्तादोरेसची बाद फेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चॅम्पियन्स लीगसाठी रात्र जागवणारे मित्र कधीतरी पहाटे उठून दक्षिण अमेरिकेचा सामना लावतात, आणि अर्ध्या तासात मेसेज येतो : "एकूण २-२ झालंय, मग जादा वेळ का नाही?" असे प्रश्न इतके साचले की एकदाच सगळी उत्तरं लिहून टाकली. प्रश्न सोप्यापासून किचकटाकडे जातात. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एक गोष्ट मात्र वाचता वाचता लक्षात येईल : इथल्या बऱ्याच नियमांच्या मागे कुठला ना कुठला राडा उभा आहे.

१. ही स्पर्धा देशांची आहे की क्लबांची?

क्लबांची. देशांची ती कोपा अमेरिका. 'कोपा' म्हणजे करंडक, आणि तो शब्द दोन्हीकडे असल्यामुळे घोळ होतो. 'लिबेर्तादोरेस' म्हणजे मुक्तिदाते. सिमोन बोलिव्हार, सान मार्तिन यांच्यासारख्या, हा खंड युरोपीय सत्तेतून सोडवणाऱ्या माणसांच्या नावाने हा करंडक आहे. १९६० साली सात क्लबांनी सुरुवात झाली आणि पहिलं विजेतेपद उरुग्वेच्या पेन्यारोलने पॅराग्वेच्या ओलिंपियाला हरवून मिळवलं. आज ४७ क्लब उतरतात. स्पर्धा भरवते कॉन्मेबॉल ही दहा देशांची संघटना. तिचं मुख्यालय पॅराग्वेत, असुन्सिओनजवळच्या लुके गावी आहे. गयाना आणि सुरिनाम नकाशावर दक्षिण अमेरिकेत असले तरी फुटबॉलमध्ये ते उत्तरेकडच्या संघटनेत मोडतात, म्हणून त्यांचे क्लब इथे दिसत नाहीत.

२. बाद फेरी नेमकी कुठून धरायची? फेब्रुवारीतसुद्धा संघ बाद होत असतात.

होतात, पण त्या पात्रता फेऱ्या. तिथून चार संघ वर येतात आणि थेट प्रवेश मिळालेल्यांबरोबर मिळून ३२ होतात. चार-चार संघांचे आठ गट पडतात, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात. उरलेल्या सोळा संघांपासून जे सुरू होतं त्याला सगळे बाद फेरी म्हणतात : साधारण ऑगस्टमध्ये सोळा संघांची फेरी, सप्टेंबरमध्ये उपांत्यपूर्व, ऑक्टोबरमध्ये उपांत्य आणि नोव्हेंबरअखेर अंतिम सामना. अंतिम सामना सोडला तर प्रत्येक जोडी दोनदा भिडते, एकदा एकाच्या घरी, एकदा दुसऱ्याच्या. एकंदर २९ सामने. विजेत्याला त्यातले सात खेळावे लागतात.

पात्रता फेरीतून आलेला संघ कमजोर समजू नका. २०२४ साली बोताफोगो तिथूनच आला आणि करंडक घेऊन गेला.

३. गटसाखळी मेमध्ये संपते आणि बाद फेरी ऑगस्टमध्ये. मधल्या काळात काय होतं?

बाजार भरतो. युरोपातली खरेदी-विक्रीची खिडकी याच दिवसांत उघडी असते, आणि गटसाखळीत चमकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा ऑगस्टपर्यंत लिस्बन नाहीतर लंडनला पोचलेला असतो. म्हणून बाद फेरीआधी क्लबांना नोंदणीच्या यादीत मर्यादित बदल करू देतात. मे महिन्यातला फॉर्म पाहून ऑगस्टचा अंदाज बांधणाऱ्याचा हमखास पोपट होतो.

४. आपल्याकडे सामने किती वाजता दिसतात?

ब्युनोस आयर्स आणि रिओपेक्षा आपलं घड्याळ साडेआठ तास पुढे. तिथला रात्री साडेनऊचा सामना आपल्या सकाळी सहाला, म्हणजे पहिल्या चहाबरोबर. संध्याकाळी सातचा असेल तर पहाटे साडेतीन. बोलिव्हियासाठी साडेनऊ तास मोजा. कोलंबिया, एक्वादोर, पेरूसाठी साडेदहा. ब्राझीलमध्ये सामने इतक्या उशिरा का, तर रात्रीची टीव्ही मालिका संपल्याशिवाय फुटबॉल सुरू करायचा नाही ही तिथली जुनी चाल.

तारखेची गफलत मात्र सगळ्यांची होते. वेळापत्रकात बुधवार लिहिलेला असतो, तो त्यांचा बुधवार. मी एकदा बुधवारी पहाटे गजर लावून उठलो, चहा केला, रिमोट शोधला आणि पडद्यावर कुठल्यातरी गोल्फचं पुनःप्रक्षेपण पाहत बसलो. सामना गुरुवारी सकाळी होता, आणि त्या दिवशी गजर लावलाच नव्हता.

५. समालोचक 'माता-माता', 'ग्लोबाल' असं काय म्हणत असतात?

'माता-माता' हा ब्राझीलचा शब्द. पोर्तुगीजमध्ये 'मातार' म्हणजे ठार मारणं, तेव्हा माता-माता म्हणजे मारा किंवा मरा, अर्थात बाद फेरी. स्पॅनिशमध्ये पहिला सामना 'ईदा', म्हणजे जाणं, आणि दुसरा 'बुएल्ता', म्हणजे परत येणं. दोन्ही सामन्यांच्या गोलांची बेरीज म्हणजे 'ग्लोबाल'. तक्त्यातल्या जोडीला 'यावे' म्हणतात, म्हणजे किल्ली. ब्युनोस आयर्सची माणसं तिचा उच्चार 'शावे' करतात. एवढे शब्द कानावर बसले की स्पॅनिश समालोचनही बऱ्यापैकी समजायला लागतं.

६. सोळा संघांच्या जोड्या कशा पडतात? एकाच देशाचे संघ समोरासमोर येऊ शकतात का?

सोडतीने पडतात. एका भांड्यात आठ गटविजेते, दुसऱ्यात आठ उपविजेते. देशाचं बंधन नाही आणि गटाचंही नाही, म्हणजे गटात दोनदा भिडलेले संघ लगेच पुन्हा भिडू शकतात. ही एकच सोडत. पुढचा तक्ता अंतिम सामन्यापर्यंत ठरलेला असतो, प्रत्येक फेरीला नव्याने चिठ्ठ्या निघत नाहीत.

आधी असं नव्हतं. २००५ आणि २००६ असे लागोपाठ दोन अंतिम सामने ब्राझीलच्याच दोन-दोन क्लबांत झाले, तेव्हा एका देशाच्या संघांना उपांत्य फेरीतच एकमेकांवर घालायची पद्धत आणली. २०१७ च्या फेररचनेत ती गेली, आणि पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत ब्युनोस आयर्सचे कट्टर वैरी बोका-रिव्हर आले. त्याचं काय झालं ते प्रश्न ११ मध्ये.

२०१६ पर्यंत सोडतही नव्हती. गटसाखळीतल्या कामगिरीवरून एक ते सोळा क्रमांक लावायचे आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी. २०१५ मध्ये पहिला क्रमांक होता बोका ज्युनियर्सचा, सहापैकी सहा सामने जिंकून. सोळावा क्रमांक रिव्हर प्लेटचा, अवघ्या सात गुणांवर. रिव्हर तिथवर पोचला तोही दुसऱ्याच्या कृपेने : आधीच पुढे गेलेल्या मेक्सिकोच्या तिग्रेसने राखीव खेळाडू घेऊन पेरूत हुआन आउरिचला ५-४ हरवलं, म्हणून रिव्हर वाचला. त्या सोळाव्या संघाने बोकाला बाहेर काढलं (कसं, ते प्रश्न १४ मध्ये) आणि अंतिम फेरीत ३-० ने हरवलं ते तिग्रेसलाच. तिग्रेसला त्या पाच गोलांची नंतर किती चुटपुट लागली असेल!

७. दुसरा सामना घरी खेळायला मिळणं हा खरंच फायदा आहे का?

नियमात तो बक्षीस म्हणूनच दिलेला आहे. सोळा संघांच्या फेरीत गटविजेता दुसरा सामना घरी खेळतो. पुढे गटसाखळीतल्या कामगिरीवर लावलेले एक ते सोळा क्रमांक पाहतात. गटविजेते पहिल्या आठांत, उपविजेते नंतरच्या आठांत. ज्याचा क्रमांक वरचा, त्याला बुएल्ता घरी.

तो किती कामी येतो हे पाहायचं तर २०२५ ची उपांत्य फेरी पाहा. एक्वादोरमधल्या किटोच्या लिगा क्लबने घरी पाल्मेरासला ३-० हरवलं. आठवड्याने साओ पाउलोत पाल्मेरासने ४-० केलं आणि अंतिम फेरी गाठली. पण त्याच वर्षी उलटं उदाहरणही आहे. फ्लामेंगो गटात दुसरा आला, त्यामुळे तिन्ही फेऱ्यांत त्याला दुसरा सामना परक्या गावात खेळावा लागला : पोर्तो आलेग्रे, ला प्लाता, आवेयानेदा. ला प्लातात तर पेनल्टीपर्यंत गेलं. शेवटी करंडक फ्लामेंगोनेच उचलला. माझं मत विचाराल तर, घरचा दुसरा सामना हा पिछाडीवर असलेल्याचा फायदा आहे. आघाडीवर असलेल्याला तो ओझं होतो.

८. एकूण गोल बरोबर झाले तर जादा वेळ का देत नाहीत?

कारण नियमात तो फक्त अंतिम सामन्यापुरता आहे. सोळा संघांची फेरी, उपांत्यपूर्व आणि उपांत्य या तिन्हींत दोन्ही सामन्यांची बेरीज बरोबर झाली की थेट पेनल्टी. अंतिम सामन्यात मात्र बरोबरी झाली तर तीस मिनिटं जादा आणि मग पेनल्टी.

हा नियम कोणी पुरेपूर वसूल केला असेल तर २०२३ च्या बोकाने. सोळा संघांच्या फेरीत नासिओनालशी ०-० आणि २-२. उपांत्यपूर्व फेरीत रासिंगशी ०-० आणि ०-०. उपांत्य फेरीत पाल्मेरासशी ०-० आणि १-१. सहा सामने, सहा बरोबऱ्या, तीन वेळा पेनल्टी आणि तिन्हींत गोलरक्षक सर्हिओ रोमेरो उभा. बाद फेरीतला एकही सामना न जिंकता संघ अंतिम फेरीत! तिथे मात्र जादा वेळ होता, आणि त्या जादा वेळातच फ्लुमिनेन्सेच्या जॉन केनेडीने गोल करून २-१ ने संपवलं. प्रेक्षकांत शिरून जल्लोष केल्याबद्दल त्याला लगेच दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि विजयी गोल करणारा बाहेर गेला.

९. परक्या मैदानावरचा गोल भारी धरतात ना?

आता नाही. २००५ मध्ये हा नियम आणला, २०२२ च्या मोसमापासून काढला. त्यामुळे जुने सामने पाहताना आधी साल पाहायचं. २०१८ च्या उपांत्य फेरीत रिव्हर घरी ०-१ हरला आणि ग्रेमिओच्या मैदानावर २-१ जिंकला. आज तसं झालं असतं तर पेनल्टी झाल्या असत्या. तेव्हा परगावचे दोन गोल रिव्हरच्या नावावर होते म्हणून तो थेट पुढे गेला.

एक पोटनियम लोक विसरतात : नियम चालू होता तेव्हाही तो अंतिम फेरीला लागू नव्हता. २००८ मध्ये किटोच्या लिगाने फ्लुमिनेन्सेला घरी ४-२ हरवलं आणि माराकानात ते १-३ हरले. परक्या मैदानावरचे गोल धरले असते तर करंडक रिओत राहिला असता. तसं नव्हतं, म्हणून पेनल्टी झाल्या, गोलरक्षक होसे सेव्हायोसने तीन अडवल्या आणि एक्वादोरला पहिलं विजेतेपद मिळालं. आजपर्यंतचं एकमेव.

१०. जुन्या अंतिम फेऱ्यांत तिसरा सामना दिसतो. तो कशासाठी?

तेव्हा गोलांची बेरीज मोजत नसत, गुण मोजत. दोघांनी एकेक सामना जिंकला की ५-० आणि ०-१ सुद्धा बरोबरीच. मग तटस्थ शहरात तिसरा सामना. १९६२ मध्ये सांतोस आणि पेन्यारोल असेच ब्युनोस आयर्सला गेले. पहिले दोन सामने दुखापतीमुळे हुकलेला पेले तिसऱ्यात उतरला, दोन गोल केले आणि सांतोस ३-० ने जिंकला.

सगळ्यात क्रूर तिसरा सामना १९८७ चा. कोलंबियाच्या आमेरिका दे कालीने घरी पेन्यारोलला २-० हरवलं होतं, माँतेविदेओत १-२ हरले. तिसरा सामना सांतियागोत. तिथे बरोबरी झाली तर गोलफरक धरायचा होता आणि तो आमेरिकाच्या बाजूने होता. म्हणजे त्यांना फक्त हरायचं नव्हतं. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळही ०-० वरच संपत आलेला, बाकावरचे लोक उठून उभे. आणि १२० व्या मिनिटाला दिएगो आगिरेने डाव्या बाजूने येऊन गोल मारला. आमेरिकाचा हा सलग तिसरा अंतिम पराभव : १९८५, १९८६, १९८७. त्या क्लबने हा करंडक अजूनही जिंकलेला नाही.

११. अंतिम सामना आता एकच असतो तो २०१८ च्या बोका-रिव्हर प्रकरणामुळे ना?

नाही, आणि ही समजूत फार पसरलेली आहे. २०१९ पासून एकच अंतिम सामना हा निर्णय २०१८ च्या फेब्रुवारीतच जाहीर झाला होता, राड्याच्या नऊ महिने आधी. म्हणजे बोका-रिव्हर ही जुन्या पद्धतीची शेवटची अंतिम फेरी ठरणारच होती.

झालं ते असं. पहिला सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकलून बोकाच्या बोंबोनेरावर २-२ सुटला. दुसरा २४ नोव्हेंबरला रिव्हरच्या मोनुमेंतालवर. स्टेडियम भरलेलं, आणि बोकाची बस जवळ येताना कोपऱ्यावर दगड-बाटल्यांचा मारा झाला. काचा फुटल्या, कर्णधार पाब्लो पेरेसच्या डोळ्याला इजा झाली. आधी सामना काही तासांनी, मग दुसऱ्या दिवशी, मग तोही नाही. शेवटी ९ डिसेंबरला तो झाला माद्रिदच्या बेर्नाबेउवर. स्पेनपासून मुक्त करणाऱ्यांच्या नावाचा करंडक, आणि निकाल लागला स्पेनच्या राजधानीत! बेनेदेत्तोने बोकाला आघाडी दिली, प्रात्तोने बरोबरी केली, जादा वेळात किंतेरोचा डाव्या पायाचा फटका आडव्या दांड्याला चाटून आत गेला. अगदी शेवटी बोकाचा गोलरक्षकही पुढे गेलेला असताना पिती मार्तिनेस रिकाम्या गोलाकडे एकटा धावत सुटला. रिव्हर ३-१, एकूण ५-३.

१२. अंतिम सामन्याचं मैदान तटस्थ असतं म्हणतात. मग २०२३ मध्ये फ्लुमिनेन्से घरच्याच माराकानात कसा खेळला?

मैदान आधी ठरतं, संघ नंतर. तटस्थ एवढ्याच अर्थाने. घरचा संघ पोचला तर पोचला, म्हणून जागा बदलत नाहीत. २०२४ मध्ये अंतिम सामना मोनुमेंतालवर होता आणि रिव्हर उपांत्य फेरीपर्यंत आलाही होता. तिथे अत्लेतिको मिनेइरोने ३-० ने त्याचं स्वप्न मोडलं.

जागा बदलते ती दुसऱ्याच कारणांनी. २०१९ चा सामना सांतियागोत ठरलेला होता. चिलीतल्या आंदोलनांमुळे तो आयत्या वेळी लिमाला हलवला. तिथे ८८ व्या मिनिटापर्यंत रिव्हर १-० ने पुढे होता, आणि मग फ्लामेंगोच्या गाब्रिएल बार्बोसाने तीन-चार मिनिटांत दोन गोल केले. ज्यांनी तिकिटं सांतियागोची काढली होती त्यांचं काय झालं असेल ते विचारू नका.

१३. डोंगरावरच्या मैदानांमुळे निकाल फिरतात का?

फिरतात, पण अर्धेच. ला पाझचं एर्नांदो सिलेस मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. लेहला गेलेल्यांना आठवेल, पहिल्या दिवशी जिना चढलं तरी धाप लागते. हे मैदान लेहहून किंचित वरच आहे आणि तिथे नव्वद मिनिटं धावायचं. किटो सुमारे २,८५० मीटरवर. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी, त्यामुळे लांबचे फटके जास्त वेगाने येतात आणि पाहुण्या गोलरक्षकाचा अंदाज चुकतो. बरेच संघ शक्य तितक्या उशिरा वर चढतात, खेळतात आणि लगेच उतरतात.

अर्धेच म्हणालो, कारण दुसरा सामना खालीच असतो. २०१७ मध्ये बोलिव्हियाच्या होर्खे विल्स्तरमानने कोचाबांबात रिव्हरला ३-० हरवलं. ब्युनोस आयर्समध्ये रिव्हरने ८-० केले, त्यात इग्नासिओ स्कोकोचे पाच. २०१४ च्या उपांत्य फेरीत बोलिव्हार क्लबने ला पाझला सान लोरेन्सोला १-० हरवलं खरं, पण आधी खाली ०-५ खाऊन आले होते. बोलिव्हियाच्या एकाही क्लबने हा करंडक जिंकलेला नाही, अंतिम फेरीही गाठलेली नाही.

१४. सामना मध्येच थांबला तर निकाल कसा लावतात?

शक्य असेल तर उरलेला वेळ नंतर खेळवतात. दोष एका क्लबच्या प्रेक्षकांचा असेल तर शिस्तपालन समिती त्या क्लबला पराभूत ठरवू शकते, बाहेरही काढू शकते. २०१५ मध्ये बोंबोनेरावर मध्यंतरानंतर रिव्हरचे खेळाडू फुगवलेल्या बोगद्यातून बाहेर येत होते, तेव्हा कोणीतरी त्यांच्यावर मिरचीचा झोंबणारा फवारा मारला. डोळे चोळत, जर्सी ओढून पाण्याने पाठ धुत ते मैदानावरच उभे राहिले. तासाहून जास्त वेळ पंच, अधिकारी, फोन, चर्चा. वर एक ड्रोन घिरट्या घालत होता, त्याला 'बी' लिहिलेलं भुताचं कापड टांगलेलं, रिव्हर दुसऱ्या श्रेणीत घसरला होता त्याची आठवण म्हणून. शेवटी सामना रद्द, बोका स्पर्धेतून बाद.

ताजं उदाहरण धाकट्या स्पर्धेतलं, सुदामेरिकानातलं : ऑगस्ट २०२५ मध्ये आवेयानेदात प्रेक्षकांत भीषण मारामारी होऊन सामना सोडून द्यावा लागला. यजमान इंदेपेंदिएंतेला बाद केलं आणि युनिव्हर्सिदाद दे चिले पुढे गेला.

आणि जुनं : १९६२ च्या अंतिम फेरीचा दुसरा सामना. पंचांना फेकून मारलेलं लागलं, खेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला, सांतोसने ३-३ केलं आणि विजेतेपद साजरंही केलं. पंचांच्या अहवालात मात्र सामना आधीच ३-२ वर संपला होता. पुढचा खेळ केवळ जीव सांभाळून बाहेर पडता यावं म्हणून चालू ठेवला होता. तिसरा सामना त्यामुळे झाला (प्रश्न १०).

१५. निलंबित खेळाडू चुकून खेळला तर?

समोरच्याने वेळेत तक्रार केली का, यावर सगळं अवलंबून. २०१८ मध्ये सांतोसचा कार्लोस सांचेस इंदेपेंदिएंतेविरुद्ध पहिल्या सामन्यात खेळला. तो सामना ०-० सुटला. पण सांचेसच्या नावावर २०१५ ची, तो रिव्हरमध्ये असतानाची, एक शिक्षा शिल्लक होती. इंदेपेंदिएंतेने तक्रार केली आणि दुसऱ्या सामन्याच्या दिवशीच निर्णय आला : ०-० चे ०-३. संतापलेल्या प्रेक्षकांमुळे दुसरा सामनाही पूर्ण झाला नाही.

त्याच वर्षी रिव्हरचा ब्रुनो सुकुलिनीसुद्धा जुनी शिक्षा बाकी असताना बरेच सामने खेळला. रिव्हरला काही झालं नाही; तो खेळू शकतो असं कॉन्मेबॉलनेच कळवलं होतं आणि मुदतीत तक्रार आली नव्हती. दोन क्लब, एकच चूक, दोन निकाल. सांतोसवाले अजून चिडतात, आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही.

प्रशिक्षकाचं वेगळं. त्याच मोसमात ग्रेमिओविरुद्ध निलंबित असलेला रिव्हरचा मार्सेलो गायार्दो मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये गेला. त्याला दंड आणि वाढीव निलंबन झालं. सामन्याचा निकाल मात्र तसाच राहिला.

१६. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांना मदत करायची पद्धत, कधीपासून आहे?

२०१७ च्या उपांत्य फेरीपासून. पहिल्याच खेपेला वाद : रिव्हर एकूण ३-० ने पुढे असताना लानुसने एकाच सामन्यात चार गोल केले, आणि चौथा व्हीएआरने दिलेल्या पेनल्टीवर होता. एकूण ४-३.

१७. गटात तिसरे आलेले संघ नंतर दुसऱ्याच स्पर्धेत दिसतात, ते कसं?

ते सुदामेरिकानात उतरतात. तिथल्या गटांत दुसऱ्या आलेल्या संघांशी त्यांची आधी एक जोडफेरी होते आणि जिंकले तर तिथली सोळा संघांची फेरी. ती स्पर्धा जिंकली की पुढच्या वर्षी लिबेर्तादोरेसच्या गटसाखळीत जागा पक्की.

१८. मेक्सिकोचे क्लब कुठे गेले?

१९९८ ते २०१६ पाहुणे म्हणून होते. २०१७ पासून स्पर्धा वर्षभर पसरली, त्यांच्या वेळापत्रकात बसेना, म्हणून बाहेर पडले. तीनदा अंतिम फेरी गाठली, तिन्ही वेळा हरले : २००१ क्रुस आसुल, २०१० ग्वादालाहारा, २०१५ तिग्रेस.

१९. जिंकून मिळतं काय?

२०२५ चे आकडे : सोळा संघांच्या फेरीसाठी १२.५ लाख डॉलर, उपांत्यपूर्वसाठी १७ लाख, उपांत्यसाठी २३ लाख, उपविजेत्याला ७० लाख आणि विजेत्याला २ कोटी ४० लाख. शेवटच्या पायरीवरची उडी पाहा, तिसऱ्या हिश्श्यालाही उपविजेता पोचत नाही. शिवाय पुढच्या वर्षीचा प्रवेश, सुदामेरिकानाच्या विजेत्याशी रेकोपा, आणि फिफाचा आंतरखंडीय करंडक. तिथे डिसेंबर २०२५ मध्ये फ्लामेंगोने पॅरिस सँ-जर्मँला १-१ वर रोखलं आणि पेनल्टीत हरले.

२०. हल्ली ब्राझीलचेच क्लब का जिंकतात?

पैसा. २०१९ ते २०२५ सातही विजेते ब्राझीलचे, आणि त्यातले पाच अंतिम सामने तर दोन्हीकडे ब्राझीलचेच. टीव्हीचं उत्पन्न मोठं, चलन अर्जेंटिनाच्या पेसोपेक्षा भक्कम, आणि २०२१ च्या कायद्याने क्लबांना कंपनी होऊन बाहेरचा मालक घ्यायची मुभा मिळाली. बोताफोगो हे त्याचं ठळक उदाहरण. जागाही जास्त : ब्राझीलला सात, अर्जेंटिनाला सहा, बाकीच्यांना चार-चार. २०२५ च्या फ्लामेंगोच्या विजयाने दोन्ही देश प्रत्येकी २५ विजेतेपदांवर बरोबरीत आलेत. क्लबांत मात्र अजून इंदेपेंदिएंते सातांसह पहिला, बोका सहांसह दुसरा.

२१. एकच जुना सामना पाहायचा असेल तर कुठला?

लोक माद्रिद सांगतील. मी ३० मे २०१३ सांगतो : अत्लेतिको मिनेइरो विरुद्ध तिहुआना, उपांत्यपूर्व, दुसरा सामना. मेक्सिकोत २-२ झालेलं, बेलो ओरिझोंतेत १-१ चालू. परक्या मैदानावरच्या गोलांचा नियम तेव्हा होता, त्यामुळे मिनेइरो निसटता पुढे. नव्वद मिनिटं संपली आणि तिहुआनाला पेनल्टी. गोल झाला की मिनेइरो घरी.

रियास्कोस पुढे आला. गोलरक्षक व्हिक्तोरने उजवीकडे झेप घेतली, चेंडू मात्र मधोमध आला. शरीर निघून गेलं होतं, डावा पाय मागे राहिला होता. चेंडू त्या बुटावर आपटून उडाला. मिनेइरोने नंतर उपांत्य आणि अंतिम फेरीही पहिला सामना ०-२ हरून पेनल्टीवर जिंकली आणि करंडक घेतला, पण तिथली माणसं गोष्ट सांगायला लागतात ती त्या बुटापासून. त्या रात्रीपासून त्याचं नाव 'साओ व्हिक्तोर' पडलं, म्हणजे संत व्हिक्तोर.